न आलेल्या पाण्याबद्दल

भिया, काल दुपारी जेवणानंतर मला खुर्चीतच डुलकी लागली आणि लॅबमध्ये पाणी आलं. आवाज न करता, दाराखालून. आधी फरशी गेली, मग टेबलांचे पाय, आणि मला त्याची अजिबात भीती वाटली नाही. खाली लाल पाणी होतं, वर निळं, आणि मधली रेघ अगदी स्वच्छ. त्या पाण्यातून तुम्ही आलात. हात पाठीमागे बांधून, सकाळी बडा गणपतीच्या रस्त्याने फिरायचात तसे रमतगमत. पँट कोरडी होती. वाकून तुम्ही माझ्या पायाजवळची रेघ बघितलीत आणि म्हणालात, "हां, आता बरोबर वाहून राहिलंय." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जाग आली. पंखा फिरत होता. तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही.

उत्तर काय द्यायचं होतं ते जागेपणीही माझ्या लक्षात होतं. "पूर्ण बरोबर नाही, भिया." स्वप्नातसुद्धा मी तुमच्याशी भांडायलाच निघाले होते.

सांगलीहून इंदूरच्या या कॉलेजात शिकवायला आले, तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही विभागाच्या दारात उभे होतात. पन्नाशी कधीच ओलांडलेली, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. मी "नमस्कार, सर" म्हणाले तर तुम्ही दचकल्यासारखं केलंत.

"सर-बिर सोडा हो. कोणी सर म्हटलं की वाटतं शिकायत घेऊन आलंय."

"मग काय म्हणू?"

"सगळे भिया म्हणतात. दिगू भिया." मग माझ्याकडे नीट बघून, "मेधाजी, तुमची मराठी फार साफ आहे. इथे टिकणार नाही ती. पण टेन्शन नका घेऊ, माझ्या आजोबांचीपण नाही टिकली."

तुमचे आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून इथे आले होते आणि मग तुमचं सगळं घर इथलंच झालं. मला मात्र सांगलीच्या बाहेर पडून जेमतेम आठवडा झाला होता. आईला फोनवर मी पहिल्यांदा "भिया असं म्हणाले, भिया तसं म्हणाले" सांगायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "हा कोण भय्या? दूधवाला का?" हे ऐकून तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून ठेवावा लागला. पुढे कितीतरी दिवस मला फोन केलात की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मेधाजी, दूधवाला बोलून राहिलोय."

पाण्याचं गणित मी जाळीवर शिकले होते. जागेचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनापाशी उभं राहायचं आणि तिथून किती पाणी गेलं ते मोजायचं. तुम्हाला ते आवडत नसे. "हे तर काठावर उभं राहून मोजणं झालं. एकदा पाण्याबरोबर चालून बघा," म्हणालात आणि मला तुमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलंत. तिथे चौकोन नव्हतेच. पाण्याचे लाखो कण केलेले होते, प्रत्येकाजवळ आपलं वजन आणि आपला वेग. कण आपल्याभोवतीच्या लहानशा वर्तुळात कोण कोण आहे ते बघतो, त्यावरून दाब ठरवतो आणि तेवढा सरकतो. मग सगळे पुन्हा बघतात, पुन्हा सरकतात. त्यातूनच लाट उठते, भोवरा फिरतो, थेंब तुटून वेगळा होतो.

"मोहल्ल्यासारखं आहे," तुम्ही म्हणालात. "पूर्ण शहराचा नकाशा कोणाजवळच नाही. ज्याला त्याला आपला शेजार तेवढा माहीत."

त्या दुपारी मी नुसती बघत बसले. ठिपके सरकत होते, वळत होते, एकमेकांना वाट देत होते. मधेच चहा आला आणि निवून गेला. नव्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच मला परकं वाटायचं थांबलं होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत.

एकच पाणी आहे तोवर या पद्धतीत सगळं सुरळीत चालतं. जड आणि हलकं अशी दोन द्रवं एकत्र आणली की सीमेवर घोटाळा सुरू होतो. सीमेवरचा जड कण आजूबाजूला बघतो तर अर्धे शेजारी हलके. त्यांच्यावरून तो स्वतःची घनता काढायला जातो आणि चुकतो. पलीकडचा हलका कण उलट बाजूने चुकतो. या चुकांमधून खोटा दाब तयार होतो आणि दोन्ही द्रवांच्या मधे एक बारीक फट पडते. खऱ्या पाण्यात अशी फट नसते.

आपलं पहिलं भांडण या फटीवरून झालं.

"दिसते तर किती सुंदर," तुम्ही म्हणालात.

"सुंदर आहे, पण खोटी आहे."

"मग काय करायचं म्हणता?"

मी सांगितलं, की कणाने घनता स्वतःच्या वजनावरूनच ठरवावी. शेजाऱ्यांना फक्त एवढंच विचारावं, की इथे दाटी किती आहे. तुम्ही छताकडे बघितलंत. मग म्हणालात, "म्हणजे जागा किती ते शेजाऱ्याला विचारायचं, पण मी कोण ते नाही विचारायचं. चांगलं आहे हो. पण सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा लागेल." मी लिहायला घेतला. तो पुरा व्हायच्या आतच सांवेरची माणसं आली.

सांवेरच्या पुढे एका गावात नदीवर लहान बंधारा आहे. बंधाऱ्याच्या कडेला गावाच्या नळयोजनेची विहीर. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना येणार होता, आणि रंगाईत मीठ फार लागतं, ते खारं पाणी नदीत सोडलं जाणार होतं. कारखान्याच्या अहवालात म्हटलं होतं की हे मीठ बंधाऱ्याच्या पाण्यात इतकं विरळ होऊन जाईल की जिभेला कळणारसुद्धा नाही. गावातला एक जण कधीकाळी तुमच्या वर्गात होता, म्हणून ती माणसं तो अहवाल घेऊन तुमच्याकडे आली. तुम्ही तो उभ्या उभ्याच वाचलात.

"यांनी सगळं पाणी चमच्याने ढवळलंय असं धरलंय," तुम्ही म्हणालात. "पण बंधाऱ्यात चमचा कोण फिरवणार?"

आपण दोघं सांवेरच्या बसने बंधारा बघायला गेलो. सोयाबीन पिवळं पडलं होतं. खिडकीतून त्याचा सुकत चाललेला वास येत होता. बंधाऱ्यातलं पाणी इतकं निवांत होतं की त्यातलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा खरं वाटावं. एक बगळा उभा होता आणि त्याच्या पायाखाली दुसरा, उलटा. तुम्ही काठावर उकिडवे बसलात ते उठेचनात. शेवटी मी विचारलं, "भिया, काय करताय?" "पाणी बघून राहिलोय," म्हणालात, आणि पुन्हा बघायला लागलात. परतायची बस चुकली. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

मग लॅबमधल्या यंत्रावर आपण तो बंधारा उभा केला. गोडं पाणी निळं, खारं लाल. खारं पाणी जड, म्हणून ते निळ्याखाली शिरलं, तळाशी चादरीसारखं पसरलं आणि सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखं, विहिरीपाशी येऊन टेकलं. ढवळलं गेलंच नाही. तुम्ही टेबलावर थाप मारलीत. मी म्हणाले, थांबा. हा जुना प्रोग्राम आहे, मधे ती फट आहे, फटीवरून लाल पाणी घसरतंय, म्हणून ते इतकं सहज पोचतंय. नवा प्रोग्राम पुरा होऊ दे, कण बारीक करू, मग बोलू.

"कारखान्याची जनसुनवाई पुढच्या हफ्त्यात आहे, मेधाजी."

"मग पुढच्या आठवड्यात आपल्याजवळ उत्तर नाही, असं सांगू."

"पाणी थांबेल का तुमच्या खात्रीसाठी?"

"आणि उद्या आपलं चुकलं तर? मग पुढच्या गावात आपलं कोण ऐकणार?"

तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात. तो हात फिरला की तुमचं ठरलेलं असायचं.

सुनावणीला तुम्ही काचेची पेटी घेऊन गेलात, घरात मासे ठेवायची असते तशी. रंगपंचमीचा उरलेला लाल रंग मिठाच्या पाण्यात कालवलात. मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पुढे अधिकारी, मागे गाव. पेटीत गोडं पाणी भरून तुम्ही एका टोकाने नळीतून लाल पाणी सोडलंत. ते खाली गेलं, तळावर लोळलं आणि काचेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबलं. वरचं पाणी तसंच्या तसं नितळ. मागून एक बाई उठून पुढे आली, काचेला बोट लावून म्हणाली, "यो नीचे वालो पाणी हमारा कुआ में आवेगा कंई?"

तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत, हे मला आठवतं. आधी खाली तिच्या बोटाकडे बघितलंत.

"आ सकता है, बाई."

एका अधिकाऱ्याने विचारलं, "कंप्यूटर में भी यही आया है क्या?"

"आया है, साहब. पर कच्चा है. मैडम कहती हैं अभी पकना बाकी है."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी उठले. "जाँच अभी बाकी है. इससे ज़्यादा मैं आज नहीं कहूँगी," एवढंच म्हणून खाली बसले. मी तुमच्या विरुद्ध बोलले, असं काही जणांना वाटलं असेल. तुम्ही मात्र मान डोलावलीत, एखाद्याने आपलंच वाक्य पुरं करावं तशी.

परतताना बसमध्ये मी रागात होते. तुम्ही रिकामी पेटी मांडीवर घेऊन खिडकीशी डोकं टेकवलंत आणि झोपी गेलात. उतरतं ऊन त्या काचेतून पार होऊन तुमच्या स्वेटरवर हलत होतं, पाण्याखाली हलावं तसं. मी सबंध रस्ता त्याच्याकडे बघत बसले. माझ्या मनात काय होतं ते आज सांगते. मला वाटत होतं, की हा माणूस चुकतोय. आणि मला वाटत होतं, की माझ्या गावच्या विहिरीचा प्रश्न असता तर तिथे हाच माणूस उभा राहिलेला मला हवा असता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात ते मला तेव्हा कळलं नाही. आताही नीट कळलेलं नाही.

काही महिन्यांनी बातमी आली. कारखान्याला खारं पाणी नदीत सोडायची परवानगी नाकारली होती. ते त्यांनी आपल्याच आवारात सुकवायचं होतं. गावाने तुमच्या घरी पोतंभर मक्याचे भुट्टे पाठवले आणि सुनंदावहिनींनी त्यांचा कीस करून सगळ्या विभागाला खाऊ घातला. तुम्ही तिसऱ्यांदा वाटी पुढे केलीत तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बस करा आता, मेधाला राहू द्या."

आणि मग माझा नवा प्रोग्राम चालला. फट गेली. लाल पाणी निळ्याला खरोखर टेकून चालू लागलं आणि म्हणून सावकाश झालं. तरीही ते विहिरीपर्यंत पोचलं. तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उंचावल्यात. मग मी त्यात वारा घातला, सांवेरकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सुटतो तसा. वाऱ्याने वरचं पाणी ढकललं, खालचं उलटं फिरलं, लाल चादरीची कड विरली, धागे धागे होऊन वर उचलली गेली, आणि विहिरीपाशी येईतो ओळखू येण्याइतकंही लाल उरलं नाही.

"म्हणजे मी बरोबर होतो," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे वारा पडलेला असेल तेव्हाच बरोबर होतात."

"तेच तर. रोज थोडाच वारा असतो?"

"रोज थोडाच पडलेला असतो?"

या कामावरचा आपला लेख त्या एका वाक्यावर अडकला. लेख इंग्रजीत आणि भांडण मराठीत. जड पाणी विहिरीपर्यंत "पोचतं" असं तुम्हाला लिहायचं होतं, मला "पोचू शकतं". तुम्ही सकाळी लवकर येऊन "शकतं" काढून टाकायचात. मी जेवणाच्या सुट्टीत ते परत घालायची. कोणीच कोणाला काही बोलत नव्हतं. एकदा तर तुम्ही ते काढून वर माझ्या टेबलावर वेलदोड्याचा चहा ठेवून गेलात. मी चहा प्यायले आणि शब्द परत घातला.

आपलं शेवटचं फिरणं कृष्णपुऱ्याचं. बाजारात तुम्हाला वहिनींसाठी शाल घ्यायची होती, मला उगीचच यायचं होतं. काम झाल्यावर नदीकाठच्या छत्र्यांच्या, म्हणजे जुन्या समाध्यांच्या, पायऱ्यांवर बसलो. दिवस कलला होता, दगड अजून कोमट होते, पारवे घुमटावरून उठत होते आणि तिथेच परत बसत होते. खाली दोन प्रवाह एकत्र येतात. एकाचं पाणी गडद, दुसऱ्याचं जरा मातकट. तुम्ही बोट दाखवून म्हणालात, "बघा, मिळालेत तरी किती लांबवर वेगवेगळे दिसून राहिलेत."

"रंग दिसतो, भिया. वजन दिसत नाही."

"तुम्हाला ना, नदीलापण पुरावा मागायचा असतो," म्हणून हसलात. पाणी संथ होतं. उजेड त्याच्यावरून निघून चालला होता आणि तो नक्की कधी गेला ते कळलं नाही. त्या वेळी मी काही म्हणायला हवं होतं असं नाही. पण तुम्ही असे एकाएकी जाल हे ठाऊक असतं, तर निदान उठायची घाई मी केली नसती.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. त्या पलीकडून एवढंच म्हणाल्या, "मेधा, हे गेले गं. फिरून आले, जोडे काढायला बसले, आणि बसलेलेच राहिले."

त्यानंतर घरी, विभागात, लोक तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलत राहिले. मला कोणाशी तरी तुमच्याविरुद्ध बोलायचं होतं. तुमचा मुद्दा कुठे चुकतो ते सांगायचं होतं, म्हणजे कोणीतरी चिडून तो तुमच्यासारखा मांडला असता. तसं कोणीच नव्हतं.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती तुम्हाला सांगायचीच आहे. आपण ज्या पाण्याबद्दल इतकं भांडलो, ते पाणी त्या बंधाऱ्यात कधी आलंच नाही. तुम्ही ती पेटी घेऊन गेलात, म्हणून आलं नाही. आलं असतं तर बाटली तळाशी सोडून, चाखून, मोजून आपला निकाल लागला असता. आता तो लागणार नाही. तिथे आभाळ आहे, बगळा आहे, त्याच्या पायाखाली उलटा बगळा आहे, आणि तळाशी गोडं पाणी आहे. ती बाई त्या विहिरीचं पाणी भरते आणि मी कोण, तुम्ही कोण, हे तिला आठवतही नसेल. माझ्या बाजूने सिद्ध करता येईल असं काहीच तुम्ही मागे ठेवलं नाहीत, भिया. याबद्दल तुमच्यावर रागवावं की तुमचे आभार मानावेत, याचा मी रोज विचार करते. बहुतेक दिवशी आभार मानते.

आज सकाळी सुनंदावहिनी कॉलेजात आल्या होत्या. तुमचा स्वेटर आणि पुस्तकं न्यायची होती. सामान पिशवीत भरून झाल्यावर त्या दाराशी घुटमळल्या.

"मेधा, ते दिवसभर काय बघायचे ते मला दाखवशील? मी कधी आलेच नाही इथे."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बंधारा लावला. लाल पाणी निळ्याखाली शिरलं. वहिनी पुढे वाकल्या.

"हे पाणी? मला तर वाटलं रांगोळी आहे." मग स्वतःशीच हसल्या. "उशीर का झाला विचारलं की म्हणायचे, पाणी बघून राहिलो होतो. इतकी वर्षं मला वाटायचं नदीवर जाऊन बसतात."

आम्ही दोघी बघत राहिलो. खोलीत फक्त यंत्राचा बारीक आवाज होता. लाल चादर तळावरून हळूहळू पुढे येत होती, आणि वहिनींच्या चेहऱ्यावर पडद्याचा निळा उजेड हलत होता. त्यांनी पदराने डोळे पुसले, पण नजर हलवली नाही.

"तुमचं दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं ना? घरी येऊन मला सांगायचे, मेधा ऐकतच नाही. पण सांगताना खूश असायचे. कोण बरोबर होतं शेवटी?"

"अजून ठरलं नाही, वहिनी."

त्यांनी पिशवी उचलली, खांद्याला लावली.

"मग इतक्यात ठरवू नको गं," त्या म्हणाल्या. "सगळे त्यांना हो हो म्हणून राहिलेत. कोणीतरी भांडणारं राहू दे."

त्या गेल्या. मी दार लावून परत बसले. तर ऐका, भिया. वारा असला की पोचत नाही.